अजून साखर आहे

आमच्या सरांसमोर 'मेला' हा शब्द जपून वापरावा लागे. आता गिरगावातल्या चाळीत राहून हा शब्द टाळायचा म्हणजे कठीणच. तिथे दूध उतू गेलं की मेलं, नळ गेला की मेला, आणि नवरा उशिरा घरी आला की आला मेला एकदाचा. पण सरांना ते खपत नसे. शेजारच्या म्हातारीनं एकदा त्यांना, "मेल्या, उचल की तुझी बादली नळाखालून," असं म्हटलं, तर बादली तिथेच ठेवून सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "काकू, अजून नाही." मग मेला म्हणजे नक्की काय, श्वास थांबला की मेला, हृदय थांबलं की मेला, की पोटरीतली शेवटची साखर संपली की मेला, हे त्यांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. मागे बायांची रांग, आणि पाणी जायची वेळ झालेली. त्या दिवशी अर्ध्या चाळीला पाणी मिळालं नाही, आणि का मिळालं नाही हे एकमेकींना सांगताना सगळ्या जणींनी सरांसाठी तोच शब्द वापरला.

मी त्यांच्या हाताखाली परळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून अख्खं शहर तेव्हा पेटलेलं होतं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा सभा. आणि आम्ही दोघं एका कोपऱ्यातल्या खोलीत बसून बैल कापल्यानंतर त्याच्या मांडीत काय चालतं ते बघत होतो. हसू नका, सरकारनंच काढलेलं काम होतं. बोटीनं मांस लांब पाठवायचं तर ते टिकायला हवं. काही बैलांचं मांस छान लाल राहतं, काहींचं काळपट आणि चिकट होतं. असं का, हे शोधायचं होतं.

सरांचं म्हणणं, सगळा साखरेचा खेळ. बैल कापला म्हणजे बैल संपला, पण त्याच्या मांडीला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिची आपली कामं चालूच असतात. बाहेरून रक्त नाही, हवा नाही, तरी अंगात साठवलेली साखर जाळून ती काही तास तग धरते. साखर जळली की आंबटपणा येतो, विरजण लागावं तसा. त्या आंबटपणामुळे मांस टिकतं. पण मरायच्या आधी जनावर दमलं, घाबरलं, उधळलं, की साखर आधीच जळून गेलेली. मग आंबायला काही उरत नाही आणि मांस काळं पडतं. आणि साखर पूर्ण संपली की स्नायू ताठ होतो, लाकडासारखा. हे ताठ होणं सरांचा विशेष आवडता विषय. ते म्हणत, "लोकांना वाटतं ताठ राहायला ताकद लागते. खोटं आहे रे. सैल राहायला ताकद लागते. ताठ व्हायला फक्त साखर संपावी लागते."

हा नियम ते बैलापुरता ठेवत नसत. आमचे मोठे साहेब व्हरांड्यातून मान ताठ ठेवून गेले की सर माझ्या कानाशी लागत, "संपलेली दिसतेय." कुणी जिन्यात दमून बसला की त्याच्या दंडाला चिमटा काढून बघत आणि खात्री झाल्यासारखे म्हणत, "उठा, अजून साखर आहे." त्यासाठी खिशात सतत गूळ. मोर्चाला जायचं तर आधी गूळ, साहेबांच्या खोलीत जायचं तर आधी गूळ. दुसऱ्या खिशात आंबटपणा दाखवणारे लिटमसचे कागद. कँटीनचं ताक, कोकमाचं सार, उसळीचा रस्सा, काहीही समोर आलं की आधी कागद बुडवायचे, रंग बघायचे आणि मग जेवायचे. कँटीनवाल्यानं एकदा चिडून विचारलं की माझ्या जेवणात विष असतं की काय. सर म्हणाले, विष नाही, पण तुमचं ताक कालच्या बैलाच्या बरोबरीनं आंबलंय. त्यानंतर कितीतरी दिवस त्या कँटीनात ताकाला कुणी हात लावला नाही.

आणि हा माणूस स्वतः पक्का शाकाहारी. मांस सोडाच, अंड्याची टोपली दिसली तरी फुटपाथ बदलणारा. कांदा चालायचा, तोही चातुर्मासात नाही. बायको नाही, पोरं नाहीत, गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत एकटेच राहत. अंगानं इतके किडकिडीत की शर्टाच्या बाहीतून हात बाहेर आले की शेवग्याच्या शेंगा आठवायच्या. चाळीत त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलं की म्हणत, "मी स्नायूंवर काम करतो." कुणाचे स्नायू, हे कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. त्यामुळे अख्खी चाळ समजून चालली होती की सर व्यायामशास्त्रातले मोठे तज्ज्ञ आहेत. पोरं येऊन दंड दाखवायची. बाया विचारायच्या, आमच्या बाळ्याला बैठका किती घालू देऊ. सर सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचे आणि दमू नको म्हणून सांगायचे. व्यायामशाळेच्या पोरांना असला सल्ला देणारा तज्ज्ञ पहिल्यांदाच भेटत होता, त्यामुळे त्यांचा मान आणखी वाढला.

एका गणेशोत्सवात तर चाळीनं त्यांना मल्लखांबाच्या स्पर्धेला परीक्षक बसवलं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पोरं एकाहून एक कसलेली, घामानं चकाकणारी. सर एकेकाच्या मांडीवर बोट दाबून पुढे सरकत होते. शेवटी बक्षीस दिलं ते एका गुबगुबीत पोराला, जो खांबाच्या अर्ध्यातच घसरून खाली बसला होता. कारण सांगायला उभे राहिले आणि म्हणाले, "बाकीच्यांनी सगळी उधळली. याची शिल्लक आहे. उद्या याला कापलात तर अतिशय उत्तम निघेल."  मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सरांची विनोदबुद्धी मोठी तल्लख आहे असं ठरलं. त्या पोराची आई मात्र पुढे वर्षभर त्याला सरांच्या खोलीवरून एकटा जाऊ देत नसे.

आता माझं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी डिलाईल रोडचा. आमच्या चाळीत बी.एस्सी. झालेला मी पहिला. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गिरणीत रिंग खात्यात, सूतकताईवर होते. आमचं मूळ घर साताऱ्याकडच्या एका खेड्यातलं. गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे होतं. माझ्या आज्यानं एक दिवस सांगितलं, ह्यापुढे ओढणार नाही. त्यापायी मार खाल्ला, घर सोडलं आणि बायकापोरांना घेऊन मुंबई गाठली. आणि आता नुकतीच आम्ही दीक्षा घेतली होती. घरातले देव आबांनी स्वतः बाहेर काढले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती. अशा घरात मी नोकरी करत होतो कसली, तर बैलाची मांडी सोलायची. मी घरी 'प्रयोगशाळा' एवढंच सांगितलं होतं. पांढरा कोट बघून आबांची छाती फुगायची.

हे बिंग फोडलं सरांनीच, तेही माझं कौतुक करायला येऊन. एका रविवारी हातात गुळाची ढेप घेऊन आमच्या खोलीत हजर. आबांनी खुर्ची दिली, आईनं चहा टाकला. गिरगावातला बामण आपल्या घरी येऊन आपल्या कपात चहा पितोय याचा आबांना फार आनंद झाला होता, दाराबाहेर शेजारीपाजारी जमले होते. सरांनी आधी कागद चहात बुडवून बघितला, मग प्याले, आणि खूश होऊन म्हणाले, "आबा, तुमच्या मुलाचा हात फार चांगला आहे. मेल्या बैलाची मांडी काय सुरेख सोडवतो." आयुष्यात एकदाच सरांनी तो शब्द ढिसाळपणे वापरला, आणि नेमका आमच्या घरात.

आबांनी कप खाली ठेवला. सर गेल्यावर दार लावून घेतलं. मग मला म्हणाले, "ज्याच्यापायी तुझ्या आज्यानं गाव सोडलं, तेच कराय तुला शिकिवला व्हय रं? ह्या घरात ऱ्हायाचं आसंल तर ते काम सोड. न्हाई सोडायचं तर घर सोड." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. ते जेवून उठले की आई माझं ताट वाढायची. शेजारी बसून रडायची आणि मला दोष द्यायची, मग त्यांना द्यायची, मग सरांना द्यायची, तोच गिरगावातल्या बायांचा शब्द वापरून.

मला काय वाटत होतं ते सांगू? मला ते काम आवडायचं. बैलाच्या मांडीतल्या साखरेबद्दल जगात फार थोड्या माणसांना माहीत होतं आणि त्यांतला एक मी होतो. आणि आबांचंही चूक नव्हतं. मी सरांना जाऊन सांगितलं की राजीनामा द्यावा लागेल. सरांनी खिशातला गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. मग विचारलं, आबा ताठ झालेत का. मी म्हटलं, पूर्ण. सर म्हणाले, "मग थोडा थांब. ताठरपणा कायमचा नसतो रे, स्नायूचासुद्धा उतरतो." मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की काय सांगू. इथे माझं घर जातंय आणि हे मला स्नायू सांगतायत. मी ठरवलं, हाती घेतलेला जोडीचा प्रयोग उरकायचा आणि राजीनामा टाकायचा.

जोडीचा प्रयोग म्हणजे एकाच मालकाचे, एकाच गाडीला जुंपलेले, कामातून गेलेले दोन म्हातारे बैल. त्यांतल्या एकाला आराम द्यायचा, गूळ चारायचा, लाडात ठेवायचं आणि मग कापायचं. दुसऱ्याला चांगलं दमवून कापायचं. मग दोघांच्या मांड्या ताडून बघायच्या. अशी जोडी मिळायला सरांनी कितीतरी महिने कत्तलखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. कत्तलखाना वांद्र्याला. तिथला मुख्य कसाई उस्ताद सरांना 'पंडितजी' म्हणायचा. बैल घाबरू नये म्हणून सर त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाट्यगीत म्हणत. त्यांचा आवाज असा की पहिला आलाप घेतला की बैल दोर तोडायचा. त्यांनी ज्या ज्या बैलाला गाणं ऐकवलं त्याची साखर जळून गेलेली निघायची, हे मी पुराव्यानिशी दाखवलं होतं. सर दुखावले. बैलाला राग कळत नाही असं म्हणाले, पण पुढे गाणं बंद केलं.

लाडका बैल कापायचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा हरताळ जाहीर झाला. सर चळवळीचे कट्टर, प्रत्येक मोर्चाला हजर. पण बैल गूळ खाऊन तयार होता आणि उस्ताद म्हणाला, बंदच्या आधी पहाटे उरकून टाकतो. सरांनी रात्रभर विचार करून निकाल दिला की आपण हरताळ पाळायचा, पण मांडीला हरताळ लागू नाही, कारण ती बैलाची आहे.

तर पहाटे बैल गेला, आम्ही मांडी घेतली, आणि बाहेर येऊन बघतो तर बस नाही, टॅक्सी नाही, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. मांडी गार ठेवायला सरांनी आइस्क्रीमचा पॉट आणला होता. तोच, लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि मीठ. आम्ही तो एका बांबूला अडकवला आणि बांबू दोघांच्या खांद्यावर घेऊन वांद्र्याहून परळला चालत निघालो. सर पुढे, मी मागे. सर उंच, मी बुटका, त्यामुळे पॉट सारखा माझ्याकडे घसरायचा आणि मिठाचं पाणी माझ्या चपलेत. वाटेत दर थोड्या वेळानं सर एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचे, झाकण उघडायचे, मांडीला चीर देऊन कागद लावायचे, फार आंबली नाही हे बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "अजून साखर आहे." माझ्यात नव्हती.

दादरला पोचलो तर समोरून मोर्चा. गिरणगाव लोटलं होतं. आमच्याकडे बघितलं आणि पुढची रांग थांबली. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता पुढे आला, डोळे लाल. त्यानं सरांना विचारलं की आजच्या दिवशी आइस्क्रीम विकायला लाज वाटत नाही का. मोर्चातल्या दोघांनी आमचा बांबू धरला. मागून ओरड, फोडा तो पॉट.  आत बैलाची मांडी, भोवती हजारो माणसं, पुढे सर, आणि सरांना खोटं बोलता येत नाही.

"आइस्क्रीम नाही," सर म्हणाले. "स्नायू आहे."

"कुणाचा?"

"बैलाचा."

 मी मनातल्या मनात आईची माफी मागितली. तेवढ्यात मागून एक खवट आवाज आला, "जोडीतला काय रे?"

आता इथे सांगायला हवं की सत्तेवर असलेल्या पक्षाची निवडणुकीची खूण तेव्हा बैलजोडी होती. भिंतीभिंतीवर ती जोडी रंगवलेली असायची आणि चळवळीतला माणूस जाता येता तिला शिव्या घालायचा. सगळ्या मुंबईला हे ठाऊक होतं, एक सर सोडून. म्हणजे त्यांनी चित्रं पाहिली होती, पण बैल दिसला की ते फक्त मांडी बघत. त्यांना वाटलं, अखेर एक जाणकार भेटला. चेहरा उजळला.

"हो, जोडीतलाच. तुम्हाला कसं कळलं?"

"कापला?"

"आज पहाटेच."

"आणि दुसरा?"

सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या मंगळवारी."

पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. माणसं रस्त्यावर बसून हसत होती. टोप्या उडाल्या. तो लाल डोळ्यांचा कार्यकर्ता सरांच्या गळ्यात पडला. कुठूनशी हातगाडी आली, तिच्यावर पॉट चढला, पॉटशेजारी सर चढले. लोक म्हणाले, बोला. सरांना कुणी बोला म्हटलं की ते स्नायूवरच बोलत, दुसरं काही त्यांना येतच नसे. ते म्हणाले, "ह्याचं डोकं गेलंय. रक्त गेलंय. बाहेरून ह्याला काहीही मिळत नाही. सगळे म्हणतायत हा संपला. पण हा संपलेला नाही. जवळ जे आहे त्याच्यावर हा तग धरून आहे. अजून साखर आहे." दादरचा तो अख्खा रस्ता दणाणला. घोषणा अशा उठल्या की गॅलऱ्यांतले लोक वाकून बघायला लागले. सर मला हळूच म्हणाले, लोकांना मांसशास्त्रात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

हसता हसता मी समोर पाहिलं आणि माझं हसू तिथेच थांबलं. गर्दीच्या कडेला आबा उभे होते. त्यांची गिरणी त्याच मोर्चात होती. हातात झेंडा, चेहरा दगडासारखा. सगळ्यांनी हातगाडीला हात लावला होता, ढकलत होते. आबांनी लावला नाही. मोर्चातले पाचपन्नास जण गाडी घेऊन परळकडे निघाले, तसे तेही निघाले, पण गाडीपासून अंतर ठेवून. मी वळून बघायचो, ते दुसरीकडे बघायचे.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी लोक पॉटला हार घालून परतले. आबा गेले नाहीत. जिना चढून आमच्या खोलीच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. मला काही बोलले नाहीत. सरांना म्हणाले, "साहेब, आमी लई सोसून ह्ये सोडलंय. मेलेल्या ढोराचं काम माझ्या पोराच्या हातात का देता?"

सर पॉटातून मांडी काढत होते. मला वाटलं, आता भाषण. पण सरांनी मांडी खाली ठेवली. हात पुसले, आबांकडे आले. म्हणाले, त्या दिवशी तुमच्या घरी मी चुकीचा शब्द वापरला, मला क्षमा करा. आबांना वाटलं की माफी आपल्या जुन्या दुःखाची आहे. ती शब्दाची होती. पण सरांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नसाव्यात, असं मला आता वाटतं. मग सरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, मांडीची एक पट्टी कापून पाटावर ठेवली आणि मला तारा लावायला सांगितल्या. मी बॅटरीच्या तारा टेकवल्या. पट्टी टुणकन उडाली.

आबा दोन पावलं मागे सरकले. मग पुढे आले. वाकले. "परत लाव," म्हणाले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी परत लावल्या, पट्टी परत उडाली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"जित्तं हाय की," म्हणाले. "बैलाला दुखतंय का?"

"नाही," सर म्हणाले. "बैल गेला. हे आपलं आपण चाललंय."

"मग मेलं कवा म्हणायचं?"

"तेच तर मला कळत नाहीये, आबा," सर म्हणाले. "म्हणून तुमचा मुलगा हवाय."

आबा बराच वेळ तिथे बसले. दर थोड्या वेळानं तारा लावायला सांगायचे. पट्टी उडायची, मग हळूहळू कमी उडायला लागली, मग नुसती थरथरली. शेवटी हललीच नाही. सर म्हणाले, आता हिची साखर संपली. आबांनी टोपी काढली आणि परत घातली. संध्याकाळी घरी आईनं नेहमीप्रमाणे त्यांचं एकट्याचं ताट वाढलं तर म्हणाले, दोन वाढ. आई बघतच राहिली. आबांनी तिला समजावलं की पोरगा मेलेल्याचं काम करत नाही. मेलं का न्हाई, ते बघतो. मी खाली मान घालून जेवलो. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

त्या वर्षांतलीच एक आठवण आहे, ती सांगून टाकतो. एकदा गोळीबार झाला आणि लालबागचं एक कोवळं पोर गेलं. आमच्या शिपायाच्या ओळखीतलं. शिपाई खोलीत आला आणि म्हणाला, सर, पोरगं मेलं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी तो शब्द दुरुस्त केला नाही. खिशातला गूळ काढून टेबलावर ठेवला आणि दिवसभर परत उचलला नाही.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. दुसरा बैलही मंगळवारी कापला गेला आणि सरांचं म्हणणं खरं ठरलं. आबा आणि सर यांचं मेतकूट जमलं. आबा रविवारी गिरगावात जात, दोघं गॅलरीत बसून गूळ खात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्याची साखर किती उरली असेल यावर वाद घालत. सर आबांना सांगून ठेवत की मी गेलो की लोक घाई करतील. करू देऊ नका. डॉक्टर काय म्हणतो त्यावर जाऊ नका, पोटरीला विचारा.

आणि सर गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. निरोप आला तसा मी आबांना घेऊन गिरगावात पोचलो. आबा तेव्हा गिरणीतून सुटलेले, काठी टेकत चालणारे. खोलीत गर्दी. डॉक्टर सांगून गेला होता. सरांचा एक पुतण्या पुण्याहून यायला निघाला होता, पण त्याच्यासाठीही थांबायला कुणी तयार नव्हतं, कारण चाळीचा जिना अरुंद, मधे वळण, आणि अंग ताठ झालं की वळणावर वळत नाही, हे चाळीला अनुभवानं माहीत होतं. बांबू आले होते. कुणीतरी म्हणालं, मेलेल्याला फार वेळ ठेवू नये.

आबा गर्दीतून वाट काढत सरांच्या पायाशी जाऊन बसले. धोतर जरा वर सारून पोटरीवर हात ठेवला. चाळीबाहेरून आलेल्या दोनचार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कोण, कुठले, आणि हात कसा लावतात. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मऊ हाय," म्हणाले. "मेले न्हाईत अजून. साखर हाय."

बांबूवाले बांबू घेऊन तसेच उभे राहिले. मग ती नळावरची म्हातारी, तिचंही वय झालं होतं, भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "बसा सगळे. त्याला हा शब्द आवडत नसे." गुरुजी बसले. बांबूवाले बसले. आबांचा हात पोटरीवर, आणि अख्खी चाळ आबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला रडू आवरत नव्हतं, आणि मधेच हसूही येत होतं. उन्हं उतरली. पुतण्या आला, त्यालाही बसवलं. शेवटी आबांनी हात उचलला आणि म्हणाले, "आता."

जिन्याच्या वळणावर व्हायचं तेच झालं. सर ताठ, जिना अरुंद, वळेनात. मग व्यायामशाळेच्या पोरांनी त्यांना सरळ उभं केलं. सगळ्यांत पुढे तो मल्लखांबाचं बक्षीस मिळालेला गुबगुबीत पोरगा, आता बाप्या झालेला. त्यानं सरांना कमरेला धरून एकट्यानं पेललं. त्याच्यात खरंच शिल्लक होती. जन्मभर मांडीवर वाकून राहिलेले आमचे सर उभेच्या उभे, ताठ मानेनं जिना उतरले.

खाली आबांनी काठी माझ्याकडे दिली आणि खांदा दिला. रस्त्यानं जाताना कुण्या अनोळखी माणसानं टोपी काढून हळूच विचारलं, कधी गेले हो.

आबांनी खांदा बदलला.

"तेच तर सरांना कळत नव्हतं," म्हणाले. "चला."